चुलतभावाच्या नावावरची कलमबाग

गणपतीत गावी गेलं की आरती संपल्यावर पडवीत जमिनीचा विषय निघतोच. आमचं गाव गुहागर तालुक्यात, समुद्रापासून थोडं आत. यंदा दुबईहून आलेला एक गाववाला तावातावाने म्हणाला, "मुंबईचा बिल्डर येऊन कलमांची बाग घेतो, आणि मी इथला असून मला शेतजमीन घेता येत नाही. हा कुठला न्याय?" नियम सैल करायला हवा, यावर बहुतेकांचं एकमत झालं. मला ते पटलं नाही, आणि कॅनडात परतल्यावरही पटत नाही.

फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहारांवरच्या कायद्याखालचा नियम स्वच्छ आहे. अनिवासी भारतीयाला फ्लॅट, दुकान, बिनशेती प्लॉट घेता येतो. शेतजमीन, मळा, फार्महाऊस विकत घेता येत नाही. सातबाऱ्यावर वडिलोपार्जित नाव असलं तरी नाही. वारसाने आलेली जमीन ठेवता येते, पण विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीयालाच. नियम मोडला तर व्यवहाराच्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड.

म्हणूनच स्वतःच्या नावावर कुणी घेत नाही. काही वर्षांपूर्वी एका एजंटने मलाही व्हिडिओ पाठवला होता. मोहरलेली कलमं, चिऱ्याची विहीर, सड्यावरून दिसणारा समुद्र. "पैसे तुम्ही पाठवा, सातबारा चुलतभावाचा होईल, मुखत्यारपत्र तुमच्याकडे." तो व्हिडिओ मी किती रात्री पाहिला असेन! घेणारच होतो.

मग एका वकील मित्राने विचारलं, भाऊ उद्या गेला तर? फेरफारात त्याच्या मुलांची नावं लागणार. मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय. पैसे माझे होते हे मी कोर्टात सिद्ध करू शकलो, तर तीच माझ्या गुन्ह्याची कबुली. दुसऱ्याच्या नावावर मालमत्ता घेण्याविरुद्धच्या बेनामी कायद्यात २०१६ च्या दुरुस्तीने १ ते ७ वर्षं कैद आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड आला. जमीन सरकारजमा होते ती वेगळीच. आणि शिक्षा एकट्या मला नाही. ज्याने माझ्या प्रेमापोटी सही केली, तोही आरोपी. हे ऐकलं आणि माझा हात थांबला.

कॅनडाने १ जानेवारी २०२३ पासून, नागरिक किंवा कायमचे रहिवासी नसलेल्यांना काही अपवाद सोडून शहरी भागात घर घ्यायला बंदी केली. ती पुढे २०२७ पर्यंत वाढवली. दंड १० हजार डॉलरपर्यंत, जाणूनबुजून मदत करणाऱ्यालाही तोच, आणि कोर्ट ते घर विकायला लावू शकतं. इथल्या आमच्या मराठी मंडळींना हे रास्त वाटलं. इथल्या तरुणांना घरं परवडत नाहीत, बाहेरचा पैसा थांबलाच पाहिजे, असं तीच मंडळी जेवणाच्या टेबलावर म्हणत होती. मग गुहागरातल्या पोराचं काय? वीस गुंठे घेऊन काजू लावायचा म्हणतो, आणि भाव ठरतो डॉलर-दिरहममध्ये. आपण इथे मागतो तेच संरक्षण त्याला नको?

दुबईवाल्याचा बिल्डरवरचा राग मात्र खरा आहे. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे, शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तरीही खोट्या शेतकरी दाखल्यांवर खरेदीखतं होतात. भांडायचं तर त्याविरुद्ध भांडा, दाखले तपासायला लावा. दुसऱ्याने कुंपण तोडलं म्हणून आपल्यालाही वाट द्या, हे मागणं गावाच्या भल्याचं नाही.

ज्याला राहायलाच जागा हवी, त्याला बिनशेती प्लॉट आहेत. तिथेही डोळे उघडे ठेवावेत. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि आठहून अधिक प्लॉटांचा प्रकल्प असेल तर रेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवरच्या नियामकाचा, नोंदणी क्रमांक हवाच, आणि करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. समुद्र दिसणारा प्लॉट असेल तर सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्याचा, नकाशा पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

"मग आम्ही गावाशी नातं ठेवायचं कसं?" दुबईवाल्याने शेवटी विचारलं, आणि त्याचा आवाज खरंच कातर झाला होता. मी म्हटलं, गावठाणात तुझ्या आजोबांच्या घराचा चौथरा पडून आहे. चौदा हिस्सेदार आहेत, अर्धे मुंबईत, दोघी बहिणी पुण्याला. त्यांच्या सह्या गोळा करायला सुरुवात कर, मुंबईतल्यांकडे मीही येतो तुझ्याबरोबर.