हात माखलेले आहेत

आमच्या इंदूरच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या येतात खऱ्या, पण त्यांच्याआधी नातेवाईक येतात. यंदा घरातली माणसे धरून आम्ही 19 जण झालो. महालक्ष्म्यांचे बरे असते; अनुराधा नक्षत्रावर यायचे, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवायचे आणि मूळ नक्षत्रावर निघायचे, हे त्यांचे ठरलेले आहे. नातेवाइकांना नक्षत्रे नसतात.

माणसे वाढली की वादही वाढतात. 16 भाज्यांत तांबडा भोपळा आणि दुधी यांना मिळून एक धरायचे की दोन, पुरणात गूळ किती आणि साखर किती, मुखवट्यांना नथ कोणत्या हाताने घालायची, या प्रश्नांचा पहाटेपासून कीस निघत होता, आणि घरातला थोरला म्हणून निवाडा प्रत्येकाला माझ्याचकडून हवा होता. निवाड्यांच्या मधल्या वेळात मी स्टेशनवर दोनदा आणि विड्याच्या पानांसाठी राजवाड्याकडे तीनदा जाऊन आलो. तिसरी फेरी आधीची पाने आत्याला लहान वाटली म्हणून.

एवढ्यात आत्याने न्याहारीला भुट्ट्याचा कीस करायचे जाहीर केले आणि 24 भुट्टे किसायला कोण बसते, असे विचारले. ‘मक्याची कणसं म्हणा हो,’ असे पुण्याच्या वहिनी म्हणाल्या, पण किसायला त्याही बसल्या नाहीत. मी किसणी आणि परात घेऊन मागच्या पडवीत गेलो.

भुट्टा निवडण्यातच निम्मा कीस असतो. दाण्यात नख रुतवल्यावर दुधाचा थेंब यायला हवा. फार कोवळा असला तर नुसते पाणी सुटते आणि जून झाला असला तर कितीही शिजवा, चरचरीत लागतो. किसताना दाण्यांची साले बुरकुंडालाच चिकटून राहतात, मऊ गर तेवढा परातीत पडतो, आणि त्यातला बराचसा चष्म्यावर उडतो. मी चौथ्या भुट्ट्यावर होतो तेव्हा फोन वाजला. पाठोपाठ पुतण्या धावत आला, कोणाला तरी बसस्टँडवरून आणायचे होते. मी दोन्ही हात वर करून दाखवले आणि म्हणालो, ‘माझे हात माखलेले आहेत.’

तो निमूटपणे परत गेला. 54 वर्षांच्या आयुष्यात माझ्या एका वाक्याला एवढे वजन कधी आले नव्हते. त्यानंतर भोपळ्याचे दोन्ही पक्ष दारापर्यंत येऊन माघारी फिरले. मी किसण्याचा वेग बेताबेताने कमी केला. सराफ्यात सोन्याची दुकाने मिटल्यावर रात्री कढईभर कीस परतत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, ते मी आजवर गल्ल्यामुळे आलेले समजत होतो.

पुढचे कामही असेच सोयीचे आहे. तुपात मोहरी, जिरे, हिंग आणि हिरवी मिरची यांची फोडणी करून कीस त्याचा कच्चा वास जाईपर्यंत परतायचा, मग दूध घालून तो आटेपर्यंत ढवळत राहायचे, आणि हात थांबला तर बुडाला लागतो, हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत राहायचे. लिंबू मात्र अगदी शेवटी, नाहीतर दूध फाटते.

पण ते पुढचे. परातीत अजून 11 भुट्टे शिल्लक असताना बडोद्याचे भावजी पडवीत आले. सकाळपासून ते झेंडूच्या माळा ओवत होते आणि फुले संपली होती. इकडेतिकडे पाहून ते हळूच म्हणाले, ‘दादा, दुसरी किसणी आहे का हो?’

थोड्या वेळाने आत्या दारात उभी राहिली आणि इतका वेळ कशाला लागतो, असे विचारू लागली. मी काही सुचण्याची वाट पाहत होतो. भावजींनी कोवळालुसलुशीत भुट्टा गंभीरपणे तिच्यासमोर धरला आणि सांगितले, ‘फार जून निघाले हो, आत्या.’