‘आधी बाहेरच्यांचं बघा’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुरुंगातल्या बायकांना कॅन्सरचे उपचार वेळेवर मिळत नाहीत, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय : ‘बाहेरच्या गरीब बाईला बायोप्सीसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं. माझ्या मावशीचं निदान त्यातच उशिरा झालं. आणि तुम्ही गुन्हेगार बायकांसाठी गळा काढता. यांनी ज्यांची आयुष्यं उद्ध्वस्त केली, त्यांचं काय?’

मावशींबद्दल वाचून फार वाईट वाटलं. तुमचा राग समजतो. पण त्याचा रोख चुकतोय असं मला वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

मावशी ताटकळत होत्या तेव्हा तुम्हा घरच्यांना निदान धडपड तरी करता येत होती. दुसरा डॉक्टर गाठायचा, कुणाच्या ओळखीने शब्द टाकायचा, पैसे उभे करायचे, काहीच नाही तर रुग्णालयाच्या दारात जाऊन बसायचं. ती धडपड अपुरी पडली, हे दुःख आहेच. तुरुंगातल्या बाईला मात्र धडपडही करता येत नाही. स्तनात गाठ हाताला लागली, तर सांगायचं कुणाला, तर पहाऱ्यावरच्या बाईला. तिला खरं वाटलं तर पुढे तुरुंगाचा दवाखाना, त्यांनी चिठ्ठी दिली तर रुग्णालयाची तारीख, आणि त्या दिवशी गाडी आणि पहारेकरी मोकळे असले तरच प्रत्यक्ष तपासणी. या साखळीतली एकही कडी तिच्या हातात नाही. ज्या शासनाने तिला कोंडलं, त्याच्याच हातात सगळं आहे, म्हणून जबाबदारीही त्याचीच. न्यायालयाने तिचं स्वातंत्र्य काढून घेतलं. गाठ वाढू देण्याची शिक्षा कुणीच सुनावलेली नव्हती.

‘गुन्हेगार’ या शब्दाबद्दल थोडं. जगभरात 7 लाखांहून अधिक बायका आणि मुली तुरुंगात आहेत. एकूण कैद्यांपैकी साधारण तिघांमागे एकाच्या खटल्याचा निकालही लागलेला नसतो. पण मी निर्दोष बायकांच्या आडून बोलणार नाही. खून शाबीत झालेल्या बाईलाही गाठीची तपासणी वेळेवर मिळाली पाहिजे, हेच माझं म्हणणं आहे.

उशीर म्हणजे नेमकं काय होतं, ते सांगते. गर्भाशयमुखाचा कॅन्सर जरा पुढच्या टप्प्यावर असला की किरणोपचार द्यावे लागतात, आठवड्यातून पाच दिवस, साधारण पाच आठवडे, सोबत केमो आणि मग आतून द्यायचे किरणोपचार. हे सगळं 56 दिवसांच्या आत संपवायचं असतं, कारण उपचार रेंगाळले की आजार आटोक्यात येण्याची शक्यता घटते. म्हणजे आठवडेच्या आठवडे रोज गाडी, रोज पहारा. एक दिवस पहारेकरी दुसरीकडे वळवले, एक दिवस गाडी बंद पडली, असं होत होत ते 56 दिवस हातातून निसटतात. यात कुणी दुष्टपणा केलेला असायलाच हवा असं नाही, आणि मला भीती वाटते ती याचीच.

किंवा केमोनंतरची एक रात्र घ्या. केमो दिल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या काळात 38 अंश ताप आला तरी ती आणीबाणी असते, तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. बाहेरच्या पेशंटला डॉक्टर बजावून सांगतात : रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. कोठडीतल्या बाईपाशी थर्मामीटरही नसतो. तिने हाक मारायची, ‘नाटक करतेय’ असं कुणाला वाटू नये एवढी आशा करायची, मग वरिष्ठांची परवानगी, मग फाटक, मग गाडी. तास कधीच उलटून गेलेला असतो.

सुरक्षेच्या नावाखाली आणखी एक प्रकार चालतो. पळून जायचा बेत आखू नये म्हणून अनेक ठिकाणी कैद्याला रुग्णालयाची तारीख आधी सांगत नाहीत. मग उपाशीपोटी करायच्या तपासणीच्या दिवशीही ती सकाळी नेहमीसारखं खाते, तिथे पोचल्यावर कळतं की आज तपासणी होणार नाही, आणि पुढची तारीख कित्येक आठवड्यांनी. तारीख गुप्त ठेवा, माझी हरकत नाही. पण तुरुंगातल्या नर्सला ती कळवली तर त्या सकाळचं खाणं थांबवणं काही अवघड नाही.

यांना बाहेरच्यांपेक्षा जास्त द्या, असं कुणीच म्हणत नाही. कैदी बायकांना कसं वागवावं याचे संयुक्त राष्ट्रांचे 2010 सालचे बँकॉक नियम सांगतात की पॅप चाचणी (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी), स्तनाच्या आणि स्त्रीरोगविषयक कॅन्सरची तपासणी बाहेरच्या समवयस्क बायकांच्या बरोबरीने मिळावी. सगळ्याच कैद्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी केलेल्या 2015 च्या मंडेला नियमांत तर स्पष्टच आहे की वैद्यकीय निर्णय वैद्यकीय माणसांनीच घ्यायचे, तुरुंगाच्या इतर कर्मचाऱ्यांनी ते फिरवायचे नाहीत. म्हणजे मावशींच्या वाट्याचं काढून इकडे द्यायचा प्रश्नच येत नाही. मावशींसाठी बायोप्सीची रांग कमी झाली, तर याच नियमाने ती आतल्या बाईसाठीही कमी व्हायला हवी.

आणि काही गोष्टी खर्चिकही नाहीत. आत आलेल्या कित्येक बायकांनी लैंगिक अत्याचार सोसलेले असतात. दारात पहारा उभा असताना आतून तपासणी करून घ्यायला त्या नकार देतात, आणि नोंद होते ‘पेशंटने नकार दिला’ एवढीच. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा एचपीव्ही विषाणू शोधायच्या चाचणीसाठी नमुना बाईला स्वतःच घेता येतो, जागतिक आरोग्य संघटनेलाही ते मान्य आहे. एक कापसाची काडी, एक नळी आणि आडोसा एवढ्यावर भागतं.

तुम्ही पीडितांचं विचारलंत. त्यांना न्याय, भरपाई, आधार मिळालाच पाहिजे, आणि त्यासाठी मी तुमच्यासोबत उभी राहीन. पण आरोपीची गाठ वर्षभर न तपासल्याने त्यांच्या पदरात काय पडतं? मला खरंच काही दिसत नाही.

शेवटचं म्हणजे, यातल्या बऱ्याच बायका काही महिन्यांतच सुटतात. पॅपचा रिपोर्ट येतो तोवर ती बाहेर पडलेली असते आणि कागद तुरुंगाच्या फायलीत राहतो. पुढच्या लेखात मी याबद्दलच लिहिणार आहे : सुटकेच्या दिवशी रिपोर्ट, चालू औषधांची चिठ्ठी आणि पुढची तारीख बाईच्या हातात कशी पडेल. तोही वाचा, आणि पटलं नाही तर असंच मोकळेपणाने लिहा.