उरलेलं १० टक्के काम

जाहिरातीत लिहिलं होतं, '९० टक्के काम झालेलं आहे.' हे वाक्य पूर्वी पुण्यात फ्लॅट बुक करताना ऐकलं होतं, तरी शहाणा झालो नाही.

मागवली होती ती ब्राउन बेस, सुट्या भागांत, घरी जोडायची. अठराव्या शतकातल्या इंग्रज शिपायाची ठासणीची बंदूक. नळी ४२ इंच, तिचं भोक पाऊण इंचाचं, वजन साडेचार किलोच्या आसपास. इथे पेनसिल्व्हेनियात हौशी मंडळी अशाच बंदुका घेऊन अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या लढाया पुन्हा लढतात. मी एकदा बघायला गेलो, आणि नाकात गेलेला धूर डोक्यातून काही निघेना.

१८९८पर्यंतच्या बनावटीच्या ठासणीच्या बंदुकीची नक्कल ही इथल्या केंद्रीय कायद्याच्या लेखी बंदूकच नव्हे. त्यामुळे कुरिअरवाला ती दारात, टॉयलेट पेपरच्या गठ्ठ्याशेजारी टेकवून गेला. कुडाळला आबाकाकांची शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. निवडणूक आली की तिला पोलीस ठाण्यात मुक्कामाला जावं लागतं. त्यांना अभिमानाने फोन केला.

"इंग्रजांची बंदूक? जेणी आमका हरवल्यानी, त्यांचीच घेतलंस? ती पण सुटी?"

आबाकाकांचा हिशोब पक्का असतो. कंपनी सरकारने हिचीच नळी ३९ इंचांची करून आपल्या शिपायांना दिली होती, आणि १८०३मध्ये असईला कंपनीची फौज शिंदे-भोसल्यांवर चालून आली होती. मी विषय बदलला.

पेटीत अक्रोडाचा दस्ता, नळी, चकमकीचा घोडा असलेलं लॉक, पितळी सामान, स्क्रूची पुडी आणि एका कागदावर सूचना. सूचनेतलं पहिलंच वाक्य : 'नळी दस्त्यात नीट बसवून घ्या.' म्हणजे स्वयंपाकाच्या पुस्तकात 'पुरणपोळी करून घ्या' म्हणावं तसं. नळी बसेना. शेजारच्या शिकारी म्हातारबुवांनी युक्ती सांगितली : लोखंडाला काजळी फासायची, लाकडात दाबून उचलायचं, जिथे काळं उमटेल तिथलंच लाकूड पटाशीने खरवडायचं, की पुन्हा काजळी. काजळी म्हटल्यावर मला काजळ आठवलं. बायकोची पहिली कांडी नळीच्या बुडाला लागली, दुसरी लॉकला. तिसरी घ्यायला गेलो तेव्हा ती आरशासमोरच उभी होती.

"तिला मेकअप करून कुठे नेणार आहेस?"

या खेळात एक लबाडी आहे. लाकूड खरवडता येतं, परत लावता येत नाही. आणखी एक डाग, आणखी एक कपची, असं करत ऑगस्टअखेर नळी दस्त्यात बसली, बसली ती चांगली ऐसपैस बसली. ब्राउन बेसची गोळी भोकापेक्षा दीडएक मिलिमीटर लहान असते, म्हणजे भरताना पटकन आत जाते. इंग्रजांनी ती ढिलाई मुद्दाम ठेवली होती. माझ्या ढिलाईचं काय सांगणार?

मग पिना. नळीच्या पोटाखाली छोटे लोखंडी कान असतात. दस्त्याला बाहेरून आरपार भोक पाडायचं आणि आतल्या, न दिसणाऱ्या कानातून पीन ओवायची. मी मोजलं, खूण केली, देवाचं नाव घेतलं, ड्रिल चालवलं. भोक सुरेख पडलं. कान मात्र पाव इंच पुढे होता. ते भोक भुसा आणि गोंद भरून बुजवलं आहे. पाहुण्यांना मी ती बाजू भिंतीकडे करून दाखवतो.

जवसाच्या तेलाचे हात मात्र छान झाले. पितळ पितांबरीने उजळलं, आणि घरात देवांपेक्षा बंदुकीची भांडी लख्ख आहेत असा शेरा मिळाला.

अकराव्या महिन्यात, एका रविवारी सकाळी, गोळीबाराच्या मैदानावर गेलो. दारू ओतली, गोळी गजाने ठासली, बाहेरून रंजक, म्हणजे आधी पेट घेणारी चिमूटभर दारू, घातली. हिला नेम धरायला मागे काही नसतंच; पुढे संगीन अडकवायचा खुंट असतो, तोच बघायचा. चाप ओढला. घोडा पडला, ठिणगी उडाली, गालाजवळ 'भस्स' झालं आणि धुराचा एक लहानसा ढग वर गेला. बाकी शांतता. लहानपणापासून राजकारण्यांबद्दल वापरत आलेला 'फुसका बार' हा शब्द मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला.

मैदानावरच्या माणसाने नळी समोर धरूनच थांबायला लावलं. तेवढ्यात बायकोने कुडाळला फोन लावून स्पीकरवर टाकला. तिकडे संध्याकाळचे साडेसात.

"कान कोरलंस काय?" आबाकाका.

"कुठला कान?"

"बंदुकेचो! तुजो न्हय. आतली दारू आणि भायली रंजक, मधी भोक आसा मां? ता बुजला आसतला."

कान कोरायला काही आणलंच नव्हतं. बायकोने हातातली बांगडी फिरवली. अमेरिकेत वीस वर्षं झाली, तरी तिच्या बांगडीला सेफ्टी पीन असतेच. कानातून तेल आणि भुशाचा काळा लगदा निघाला, माझंच पॉलिश. पुन्हा रंजक, पुन्हा चाप.

धडाम!

खांदा मागे, टोपी खाली, समोर सगळं पांढरं. धूर विरल्यावर पाहिलं, तर कागदाचं लक्ष्य जसंच्या तसं. फोन चालूच होता.

"आवाज बरो इलो," आबाकाका म्हणाले. "माकडां पळाली काय?"