डंडीत चर्चिलला दारूबंदीने पाडलं नाही

दारूबंदीचा विषय निघाला की व्हॉट्सअॅपच्या गटांवर एक मजकूर हमखास येतो. त्याचा सारांश असा: ‘1922 साली स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात एडविन स्क्रिमजर नावाच्या एका साध्या दारूबंदीवाल्याने एकट्याच्या बळावर चर्चिलला समोरासमोर हरवलं. शहराने दारूला नकार दिला, बंगालच्या भूकबळींचे तळतळाट भोवले आणि चर्चिलचं राजकारण तिथेच संपलं.’

माणूस खरा, साल खरं, पराभवही खरा. पण त्याभोवती जे रचलंय त्यात डंडीच्या हजारो कामगारांचं मत पुसलं गेलंय. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

आधी ‘समोरासमोर’चं बघू. डंडी हा 1868 पासून 1950 पर्यंत दोन खासदारांचा मतदारसंघ होता. मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकालाच देता येत नसत. आपल्याकडे 1952 साली बाबासाहेब आंबेडकर मुंबईतून हरले तोही दोन जागांचाच मतदारसंघ होता, त्यामुळे हा हिशेब आपल्याला अगदीच अनोळखी नाही. 15 नोव्हेंबर 1922 ला डंडीत सहा उमेदवार उभे होते. स्क्रिमजरला 32,578 मतं, मजूर पक्षाच्या ई. डी. मोरेलला 30,292. हे दोघे निवडून आले. तिसरा डी. जे. मॅकडोनाल्ड, 22,244. चर्चिल 20,466 मतं घेऊन चौथा. मागे आणखी एक लिबरल आणि कम्युनिस्ट विल्यम गॅलाकर. मॅकडोनाल्ड हा चर्चिलचा जोडीदार, दोघेही नॅशनल लिबरल, म्हणजे लिबरल पक्षातून फुटलेल्या गटाचे. म्हणजे स्वतःच्या जोडीदारापेक्षाही चर्चिलला कमी मतं पडली. स्क्रिमजर उभाच राहिला नसता तरी मोरेल चर्चिलच्या जवळजवळ दहा हजारांनी पुढे होता. आणि त्या मजकुरात नेमकं मोरेलचंच नाव नाही! काँगोमधल्या बेल्जियमच्या राजाच्या राजवटीचे अत्याचार ज्याने जगासमोर मांडले, महायुद्धाला विरोध केला म्हणून ज्याने 1917 साली तुरुंगवास भोगला, तो हा माणूस.

आता ‘शहराने दारूला नकार दिला’. मजूर पक्षाने दोन जागांसाठी एकच उमेदवार दिला होता. मोरेलला एक मत दिल्यावर कामगाराच्या हातात दुसरं मत उरायचं. ते चर्चिलच्या जोडीला द्यायचं नाही, मग कोणाला? स्क्रिमजर नगरपालिकेत वर्षानुवर्षं गरिबांच्या बाजूने भांडलेला, युद्धविरोधी, ख्रिस्ती समाजवादी विचारांचा. ते दुसरं मत त्याच्याकडे जाणं अगदी सरळ होतं. तो आणि मोरेल यांच्या मतांत फार अंतर नाही, ते उगाच नाही.

दारूचा कौल घ्यायला तर वेगळी सोय होती. आपल्याकडे गावातलं दुकान बंद करायला ‘आडवी बाटली, उभी बाटली’ असं मतदान होतं, तसा कायदा स्कॉटलंडमध्ये 1913 साली झाला आणि पहिलं मतदान 1920 मध्ये. बहुसंख्य ठिकाणी कौल आला ‘आहे तसंच चालू द्या’. पुढे 1923 साली स्क्रिमजरने संसदेत दारूबंदीचं विधेयक आणलं. बाजूने 14, विरोधात 235. माझ्या मनात त्या माणसाबद्दल आदरच आहे. दारूने बसलेली घरं मी जवळून पाहिली आहेत. पण त्याची 32 हजार मतं म्हणजे दारूबंदीचा कौल, असं म्हणायला आधार नाही.

‘एकट्याच्या बळावर’ हे तर त्याच्या चिकाटीवरही अन्याय करणारं आहे. स्कॉटिश दारूबंदी पक्ष त्याने 1901 मध्ये काढला. 1908 च्या पोटनिवडणुकीत त्याला 655 मतं मिळाली. 1910 मध्ये तो दोनदा लढला, दोन्ही वेळा दोन हजारांच्या आत राहिला. 1917 मध्ये 2,036. 1918 मध्ये एकदम 10,423. सहाव्या खेपेला विजय. 1917 आणि 1918 च्या मध्ये काय बदललं? मताधिकार. 1918 च्या कायद्याने सगळ्या प्रौढ पुरुषांना आणि तिशीपुढच्या बऱ्याच स्त्रियांना मत मिळालं.

आणि डंडी हे बायकांच्या कमाईवर चालणारं शहर. बंगालचा ताग बोटीने यायचा, व्हेल माशाचं तेल आणि पाणी मारून मऊ केला जायचा, मग त्याचं सूत आणि गोणपाट. आपल्या मार्केट यार्डातला व्यापारी ज्याला बारदान म्हणतो तेच. गिरणीत बहुसंख्य बायका. मागांचा खडखडाट एवढा, की शेजारणीशी बोलायचं तर ओठांच्या हालचालींवरून आणि हातवाऱ्यांनी. मुलगा अठराचा झाला की पुरुषाची मजुरी द्यावी लागते, म्हणून त्याला काढून टाकायचे; घरी बसलेल्या पुरुषांना शहरात नावच पडलं होतं ‘किटली उकळणारे’. 1908 मध्ये चर्चिल इथे मतं मागायला आला तेव्हा मेरी मलोनी ही मताधिकारवादी बाई मोठी घंटा घेऊन सभेत आली आणि तो बोलायला लागला की वाजवत राहिली. शेवटी भाषण सोडून त्याला निघावं लागलं. तरी तो जिंकला, कारण गिरणीतल्या बायकांना तेव्हा मतच नव्हतं.

हेही सांगायला हवं, की याच डंडीने त्याला पाच वेळा निवडून दिलं होतं. 1918 मध्ये तर 25,788 मतं घेऊन, सर्वांत वर. मग चार वर्षांत तागाचा धंदा बसला, बेकारी पसरली, 1921 मध्ये शहरात दंगे झाले. आयर्लंडमध्ये ‘ब्लॅक अँड टॅन्स’नी, म्हणजे ब्रिटिश सरकारने तिथे धाडलेल्या जादा पोलिसांनी, केलेले अत्याचार डंडीतल्या मोठ्या आयरिश वस्तीला विसरता येणार नव्हते, आणि चर्चिल त्या सरकारात मंत्री होता. त्यात ऐन प्रचारात अपेंडिक्सची शस्त्रक्रिया. पत्नी क्लेमेंटाइन काही आठवड्यांच्या तान्ह्या मुलीला घेऊन प्रचाराला आली. चर्चिल शेवटच्या काही दिवसांत पोचला, त्याला खुर्चीतून सभेत न्यावं लागलं आणि गोंधळामुळे तिथे नीट बोलताही आलं नाही.

बंगालच्या भूकबळींबद्दल एवढंच, की तो दुष्काळ 1943 चा, डंडीचा निकाल त्याच्या 21 वर्षं आधीचा. त्या दुष्काळातल्या चर्चिलच्या वागण्याचा जाब जरूर विचारावा, पण खऱ्या तारखांनिशी. योगायोग म्हणजे त्याच 1943 साली डंडीच्या नगरपालिकेने चर्चिलला शहराचं मानाचं नागरिकत्व देऊ केलं, तेही एका मताच्या फरकाने. त्याने ते नाकारलं.

‘राजकारण तिथेच संपलं’ हे तर साफ खोटं. 1924 साली तो इंग्लंडमधल्या एपिंग मतदारसंघातून निवडून आला आणि लगेच अर्थमंत्री झाला. स्क्रिमजर मात्र 1931 मध्ये हरला.

आणि डंडीने आपल्याला का नाकारलं, हे खुद्द चर्चिलला कळलं होतं. पराभवानंतर एच. ए. एल. फिशर या सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तो कारण दारूचं देत नाही. डंडीच्या लोकांना कसलं आयुष्य काढावं लागतं ते तुम्ही पाहिलंत, तर त्यांच्या वागण्याला सबबी पुष्कळ आहेत हे तुम्हीही मान्य कराल, अशा आशयाचं तो लिहितो.