एक स्टार दिलात, पण तो शेवटचा शून्य आमचा नाहीये

नमस्कार सर,

तुमचा एक्सेलमधला डेटा डेटाबेसमध्ये हलवून देण्याचं काम आम्ही केलं, त्याचा रिव्ह्यू वाचला. त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. ३७ ओळींत बॅच कोड रिकामा आला ती चूक आमचीच, त्यात वादच नाही. झालं काय, एक्सेलमधून डेटा ओढून घेणारा ड्रायव्हर, म्हणजे मधला छोटा प्रोग्राम, पहिल्या ८ ओळी बघून ठरवतो की कॉलममध्ये आकडे आहेत की अक्षरं, तुमच्या वरच्या सगळ्या कोडमध्ये नुसते आकडे होते आणि अक्षरंवाले जुने कोड पार खाली, ते त्याने गुपचूप रिकामे सोडले, एरर पण दिली नाही. आम्ही ओळी मोजल्या, इकडे १८,६४० तिकडे १८,६४०, म्हटलं झालं काम. तुम्ही कळवल्यावर त्याच संध्याकाळी दुरुस्त करून दिलं, ते रिव्ह्यूत आलं नाही, असो.

पण "सिरीयल नंबरचे शेवटचे आकडे खाल्ले, सगळीकडे शून्य करून ठेवलं" हे जे लिहिलंय ना सर, ते वाचून खरंच झोप लागली नाही. तुमचे नंबर १६ आकडी आहेत. एक्सेल कुठलीही संख्या १५ आकड्यांपर्यंतच नीट धरतं, सोळाव्या जागी सरळ शून्य टाकतं, आणि एकदा तसं सेव्ह झालं की नंतर कॉलम टेक्स्ट करा नाहीतर काहीही करा, गेलेला आकडा परत येत नाही. बिलिंग सॉफ्टवेअरमधून निघालेली सीएसव्ही (म्हणजे स्वल्पविराम टाकून लिहिलेली साधी टेक्स्ट फाईल) तुमच्याकडे डबल क्लिक करून उघडली गेली, नंबरांच्या जागी मध्ये ई आणि अधिकचं चिन्ह असलेलं काहीतरी विचित्र दिसायला लागलं, म्हणून फॉरमॅट बदलून सेव्ह केलं, हे तुम्हीच फोनवर सांगितलंत. तीच फाईल आमच्याकडे आली. आलेल्या फाईलची एक कॉपी आम्ही हात न लावता बाजूला ठेवतो, त्यातसुद्धा शेवटी शून्यच आहे, स्क्रीनशॉट पाठवलाय, निळ्या टिकही आल्यात. १८ हजार मशीनचे नंबर एकजात शून्यानेच कसे संपतील, हे आम्ही पहिल्याच दिवशी विचारलं होतं, मूळ फाईल तीनदा मागितली, उत्तर आलं "आहे तसं करा". काम तिथेच थांबवायला हवं होतं हे आता कळतंय, पण गिऱ्हाइकाशी किती हुज्जत घालायची.

हे भल्याभल्यांचं होतं हो. २०२० मध्ये इंग्लंडात कोविडचे आकडे एक्सएलएस या एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये भरत होते, त्या फाईलला ६५,५३६ ओळींची मर्यादा, त्यापुढच्या ओळी गळल्या आणि जवळपास १६ हजार केसेस मोजणीतून राहून गेल्या. तिथे मोठी यंत्रणा होती, इथे आम्ही दोघंच.

आता "दोन दिवस सांगून पाच दिवस लावले" याबद्दल. पिवळ्या ओळी म्हणजे पेंडिंग आणि हिरव्या म्हणजे डिलिव्हर झालेल्या, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. डेटाबेसला रंग कळत नाही सर, त्याला वेगळा कॉलमच लागतो. त्यात गिऱ्हाइकाचं नाव दहा-दहा ओळींत मर्ज केलेलं, आणि मर्ज केलं की नाव फक्त वरच्या सेलमध्ये राहतं, खालच्या नऊ रिकाम्या, ती सगळी खाली भरून घ्यावी लागली. हे दोन दिवस आम्ही बिलात धरलेले नाहीत, बघून घ्या.

बदल करतोय. सगळा डेटा आधी टेक्स्ट म्हणूनच आत घ्यायचा, प्रकार नंतर ठरवायचे, आणि ओळींबरोबर प्रत्येक कॉलममधले भरलेले सेलही मोजायचे. फाईल घेताना विचारायच्या प्रश्नांचा एक फॉर्म पण बनवतोय, जमेल तसा लवकर. हा धंदा असा आहे की एका स्टारने पुढचे चार फोन येत नाहीत, म्हणून एवढं लिहिलं, राग मानू नका.

सिरीयल नंबरचा कॉलम आम्ही पुन्हा भरून देतो, पैसे नकोत. बिलिंग सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही नव्याने काढा आणि तशीच जोडून पाठवा. फक्त प्लीज, पाठवायच्या आधी उघडून बघू नका.