उशा लावल्या म्हणजे बाळ पडणार नाही?

लहान मूल पलंगावरून पडू नये म्हणून एक ‘सोपी युक्ती’ मोबाइलवरून मोबाइलवर फिरते आहे. ती थोडक्यात अशी: पलंग भिंतीला टेकवा, मोकळ्या बाजूला उशा किंवा लोड लावा, बाळ पालथं पडायला लागेपर्यंत तर काळजीच नको, पुढे पलंगाला कठडा बसवा, आणि एवढं करून पडलंच, तर काही तास झोपू देऊ नका. यातली एकही सूचना जशीच्या तशी पाळावी अशी नाही. पहिल्या दोन तर पडण्याहून मोठा धोका घरात आणतात.

आधी उशांबद्दल, कारण सगळ्यात जास्त भरवसा त्यांच्यावरच असतो. उशी गादीला कशानेच बांधलेली नसते. सात-आठ किलोचं बाळ लोळत येऊन टेकलं की ती सरकते, खाली जाते आणि मागोमाग बाळ. रांगणाऱ्या मुलाच्या लेखी लोड म्हणजे चढायची पायरी. वर चढलं की पडण्याची उंची उलट वीतभर वाढते. पण हे सगळं दुय्यम. मुख्य प्रश्न श्वासाचा आहे. चार-पाच महिन्यांचं बाळ वळता वळता उशीत तोंड खुपसतं. तिथून मान उचलून तोंड बाजूला घेण्याइतकं बळ त्याच्यात असेलच असं नाही. नाक मऊ कापसात रुतलं की नुकतीच सोडलेली हवाच ते पुन्हा आत ओढत राहतं. पलंगावरून पडलेलं बाळ बहुधा रडून घर जागं करतं. गुदमरणाऱ्या बाळाचा आवाज शेजारी झोपलेल्यालाही येत नाही. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिलं वर्षभर बाळाच्या झोपण्याच्या जागेत उशी, जाड पांघरूण, मऊ खेळणी काहीही ठेवू नका असं सांगते, ते याचसाठी. क्रिबच्या, म्हणजे चारही बाजूंनी गज असलेल्या बाळाच्या खाटेच्या, आतून बांधायच्या गुबगुबीत पट्ट्यांवर तर तिथे २०२२ साली कायद्यानेच बंदी आली.

भिंतीचा आधार दिसायला भक्कम. पण पलंग भिंतीला टेकला म्हणजे गादी टेकली असं नाही. कोणी बसलं-उठलं की गादी चौकटीवर थोडी सरकते आणि रात्रीतून चार बोटांची फट तयार होते. लहान मुलाचं धड निमुळतं आणि डोकं त्या मानाने मोठं. पाय आणि पोट फटीतून खाली जातं, डोकं वर अडकतं, किंवा चेहरा गादीच्या कडेवर दाबला जातो. फटीत चादरीची गुंडाळी कोंबणं हा उपाय नव्हे. वजन पडलं की ती खाली बसते. फट अजिबात नसावी, नाहीतर मूल अडकणारच नाही इतकी मोठी असावी. घरात पहिलं टिकवणं कठीण, म्हणून पलंग भिंतीपासून सरळ दीड-दोन फूट पुढे ओढावा.

‘पालथं पडेपर्यंत काळजी नको’ याला उत्तर छोटं आहे. बहुतेक बाळं चार ते सहा महिन्यांत वळू लागतात, काही त्याआधीच. आणि पहिल्यांदा कधी वळणार हे कोणी आगाऊ कळवत नाही. शिवाय अगदी तान्हं बाळही टाचा रोवून सरकतं. लंगोट बदलायचा असेल तर सगळं सामान आधी हाताशी घ्यावं आणि एक हात बाळावरून उचलूच नये.

कठडा ही वस्तू वाईट नाही, ती चुकीच्या वयात वापरली जाते. मोठ्या पलंगाला लावायचे सुटे कठडे साधारण दोन ते पाच वर्षांच्या, पलंगावर स्वतः चढू-उतरू शकणाऱ्या मुलांसाठी बनवलेले असतात. त्याहून लहान मूल कठडा आणि गादी यांच्यामध्ये घसरलं तर स्वतःला सोडवू शकत नाही. दोन वर्षांनंतर लावताना त्याचा पट्टा गादीखालून पलीकडच्या चौकटीला ताणून बांधावा. मग गादीची कड एका हाताने खाली दाबून दुसऱ्या हाताने कठडा जोरात बाहेर ढकलावा. मध्ये फट उघडली, तर तो कठडा त्या गादीसाठी नाही. पट्टे ढिले पडतात, आठवड्याला तपासावेत. मऊ, कडेला दबणाऱ्या गादीवर चांगला कठडाही निकामी ठरतो. पायथ्याकडची बाजू उतरायला मोकळी ठेवावी, नाहीतर मूल कठड्यावरूनच उडी घेतं.

मग करायचं काय? उंची कमी करायची. ६० सेंटिमीटरवरून पडणारं मूल जमिनीवर ताशी सुमारे १२ किलोमीटर वेगाने आदळतं. १५ सेंटिमीटरवरून सुमारे ६. वेग निम्मा झाला की आघाताची ऊर्जा चौथाईवर येते, आणि ते एकही उशी न लावता.

पहिल्या वर्षी सपाट, टणक गादीचं क्रिब उत्तम. गादी आणि बाजू यांच्यात दोन बोटं जात असतील तर गादी लहान आहे. गजांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. बाळ बसू लागलं की गादी खालच्या पातळीवर न्यायची, धरून उभं राहायच्या आत सगळ्यात खाली. मुलाची उंची ९० सेंटिमीटरच्या आसपास गेली, किंवा त्याआधीच ते पाय टाकून चढू लागलं, की क्रिब बंद. त्यानंतर टणक गादी थेट जमिनीवर, भिंतीपासून दूर. खाली ओल धरते म्हणून रोज उभी करून वारा द्यावा. पलंगच वापरायचा असेल तर उतरायच्या बाजूला निदान दोन-अडीच फूट रुंद, दाट फोमची चटई गादीच्या कडेला अगदी चिकटून अंथरावी आणि टोकदार कोपऱ्याचं टेबल तिथून हलवावं. दुमजली पलंगाचा वरचा मजला सहा वर्षांच्या आत नाहीच.

राहिली ती झोपू न देण्याची सूचना. जागं ठेवल्याने डोक्याची इजा टळत नाही. उलट थकलेलं मूल चिडचिडं होतं आणि खरी लक्षणं ओळखणं अवघड होतं. रडून शांत झालं, नेहमीसारखं खेळलं-प्यायलं आणि त्याची झोपेची वेळ असेल तर झोपू द्यावं, अधूनमधून श्वास आणि रंग पाहावा. मात्र शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, झटका आला, हलवूनही नीट जागं होईना, टाळू फुगली, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव किंवा रक्त आलं, हात-पाय हलवेना, तर वाट पाहत थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला डोक्याच्या बाजूला किंवा मागे मऊ टेंगूळ आलं, किंवा ते ९० सेंटिमीटरहून उंचावरून पडलं, तर वरवर ठीक दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. तीन महिन्यांच्या आतलं बाळ कितीही कमी उंचीवरून पडलं तरी दाखवायचंच.