दुखणं थांबलं, म्हणजे आजार गेला का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार भाऊ,

ओटीपोटातल्या संसर्गावरच्या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. एक, शरीराची प्रतिकारशक्तीच गर्भनलिका खराब करते असं लिहून मी बायकांना घाबरवते. काढा आणि आराम मिळाला की हे दुखणं जातं, असं तुमचं म्हणणं. दुसरा, नवऱ्यालाही गोळ्या द्या म्हणणं म्हणजे चांगल्या घरात संशय पेरणं.

दुखणं जातं, हे खरं आहे. पण क्लॅमिडियासारखा जंतू नलिकेच्या आतल्या पेशींत शिरून वाढतो. त्या पेशी धोक्याचे संदेश सोडतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, सूज येते. जंतू आटोक्यात येतो, पण स्त्रीबीज पुढे सरकवणारे सूक्ष्म केस त्याच धामधुमीत झडतात आणि जखम भरते ती वण ठेवून. नलिकेची आतली वाट काही ठिकाणी जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर. तिथे एवढासा वणही पुरतो. दोन्ही नलिकांची वाट पूर्ण बुजली तर मूल राहत नाही. अर्धवट बुजली तर गर्भ नलिकेतच रुजू शकतो, आणि नलिका फुटली तर बाईच्या जिवावर बेतते. म्हणून पाळी चुकलेली आणि पोटात कळ असेल, तर आधी गरोदरपणाची तपासणी, मग बाकीचं.

स्वीडनमधल्या लुंड शहरात ओटीपोटातला संसर्ग झालेल्या स्त्रियांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. निष्कर्ष १९९२ साली प्रसिद्ध झाले. नलिकेतल्या दोषामुळे वंध्यत्व आलेल्या स्त्रिया एकदा आजार झालेल्यांत सुमारे ८ टक्के, दोनदा झालेल्यांत १९.५ आणि तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांत ४० टक्के होत्या. तेव्हा ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला इथे कामाचा नाही. जंतू लवकर मारायचा आणि पुन्हा येऊ द्यायचा नाही, एवढंच हातात आहे.

आणि आराम? आपल्याकडे वेचणीच्या दिवसांत बाई कमरेला कापसाची झोळी बांधून दिवसभर वाकलेली असते. झोळी जड होत जाते तशी पोटात ओढ बसते. ‘पोट दुखस’ म्हणत ती एका हाताने ओटीपोट दाबते, दुसऱ्याने बोंडं वेचते, कारण मजुरी किलोवर आहे. दवाखान्यात येते ती अंगात ताप भरल्यावर. डॉक्सिसायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल या जंतू मारणाऱ्या गोळ्यांनी मळमळतं, चार दिवसांत कळ थांबते, आणि चौदा दिवसांची पट्टी तशीच फडताळात पडते. मला सगळ्यात जास्त भीती या अर्ध्या पट्टीची वाटते.

आता नवऱ्याचं. क्लॅमिडिया बहुतेकांना कळतही नाही, पुरुषांनाही नाही. तो महिनोन्‌महिने गुपचूप राहू शकतो. त्यामुळे तपासणीत सापडला म्हणून तो कधी आणि कोणाकडून आला हे ठरवता येत नाही, आणि हे मी दोघांना समोर बसवूनच सांगते. शिवाय तांबी बसवल्यावर पहिल्या तीन आठवड्यांतही ओटीपोटातल्या संसर्गाचा धोका थोडा वाढतो, आणि प्रत्येक वेळी हा संसर्ग संबंधातूनच आलेला असतो असंही नाही. पण क्लॅमिडिया नवऱ्यात राहिला, तर बायकोचा कोर्स पूर्ण होऊनही संसर्ग परततो. लुंडचे आकडे पुन्हा बघा. दुसऱ्या खेपेची किंमत ती मोजते.

सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक संसर्गावरच्या दवाखान्यात, ही औषधं मोफत मिळतात आणि नाव गुप्त राहतं. तुमच्या ओळखीत कोणी काढ्यावर थांबली असेल, तर तिला या आठवड्यातच पाठवा. नवऱ्याला सोबत घेऊन.